तळ्यावर गेलेला दिवस

“हे नको,” वालियासाहेब म्हणाले आणि त्यांनी कुऱ्हाड बाजूला सारली. “कुऱ्हाडीचा भोक वर मोठा होते, खाली छोटा. घमेल्यासारखा. आणि प्रत्येक घावाला पाणी तोंडावर. ते पाणी मग कपड्यावरच गोठते.”

त्यांचं मराठी असंच होतं, लिंगवचनाला न जुमानणारं. नोकरीची पहिली काही वर्षं त्यांनी आमच्याकडच्या एका धरणावर काढली होती. पुढं ते कॅनडाला गेले, डोंगर आणि खडक तपासत जग फिरले, पण मराठी बोलायची हौस त्यांना राहिली होती. इतक्या मोठ्या माणसानं माझ्याशी माझ्या भाषेत बोलावं याचंच मला अप्रूप वाटत होतं.

मी तेव्हा हिमालयात एका वीजप्रकल्पाच्या बोगद्यावर फिटर होतो. पहाडाच्या कुशीत कॅम्प, पत्र्याचं वर्कशॉप, आणि हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. पाटणच्या डोंगरातला मी, मला तिथं आणलं ते निवृत्तीदाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. दाजी बोगद्यातले फोरमन. आमच्याच खोऱ्यातली माणसं त्यांनी हाताखाली जमवली होती आणि ती त्यांच्या शब्दावर एवढ्या लांब आली होती.

त्या आठवड्यात बोगद्याचं काम बंद होतं. खोदाईच्या आतल्या टोकाला आम्ही फेस म्हणायचो. तिथं खडकातून झिरपणारं पाणी एकाएकी गढूळ झालं होतं. पाणी गढूळ झालं की माणसं मागं घ्यायची आणि जाणकारानं आत येऊन पाहिल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, हा नियम मॅनेजरपासून हमालापर्यंत सगळ्यांना पाठ होता. दाजींनी काम थांबवलं. पाहणीसाठी वालियासाहेबांना बोलावणं गेलं आणि त्या दुपारी ते जीपनं येऊन पोचले.

“आल्याआल्या आत नको,” आमचे मॅनेजर सूर्यवंशीसाहेब त्यांना म्हणाले. “इथली हवा विरळ. आज अंगाला सवय होऊ द्या. उद्या सकाळी मी तुम्हाला एक गंमत दाखवतो. वर तळं आहे, पार गोठलंय. ट्राउट मासा आहे त्यात. तास-दोन तास तिथं घालवू, मग दुपारी बोगदा.”

वालियासाहेबांचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. कॅनडात त्यांनी गोठलेल्या तळ्यांना भोकं पाडून कितीतरी हिवाळे मासे धरले होते. “पण हत्यार?” त्यांनी विचारलं.

“आमचा प्रल्हाद आहे ना,” सूर्यवंशीसाहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “तुम्ही सांगाल ते बनवून देईल.”

म्हणून दुपारपासून आम्ही दोघं वर्कशॉपमध्ये होतो. कॅम्पात बर्फाला भोक पाडू शकेल असं जे जे होतं ते मी त्यांच्यापुढं आणून मांडलं.

खडक फोडायचा जॅकहॅमर पाहून ते हसले. “हा आणला तर भोक नाही पडणार, आपण सगळे पडणार. बर्फाला तडा जाते.” झाडं कापायची यांत्रिक करवतही त्यांनी नाकारली. तिचं तेल पाण्यात उतरतं, मासा फिरकत नाही. लाकूडकामाची मोठी हातकरवत मात्र त्यांनी ठेवून घेतली. पहिलं भोक पडल्यावर ते रुंद करायचं झालं तर कामाला येईल म्हणाले.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या गिरमिटावर गेली. जमिनीतून मातीचे नमुने काढायला पाहणीवाल्यांनी आणलेलं ते हातानं फिरवायचं मोठं गिरमिट होतं. सळईएवढ्या दांड्याला खाली मळसूत्री पाती, वर आडवी मूठ.

“हा!” ते म्हणाले. “हाच पाहिजे. पण पाता बघ. माती खरवडायचा पाता आहे, बोथट. बर्फाला खरवडून चालत नाही, सोलावा लागते. सुतार रंधा मारते ना, तसा.”

मी ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचा तुकडा काढला. ते पोलाद चिवट असतं. भट्टीत लाल केलं, ठोकलं, ग्राइंडरवर धार काढली. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. पातं किती तिरकं बसवायचं ते हाताच्या पंजानं दाखवत होते. फार उभं केलं तर बर्फात रुततं आणि फिरवणाऱ्याचा खांदा उखडतं, फार आडवं केलं तर नुसतं घासत राहतं. दोनदा बसवलं, दोनदा काढलं. तिसऱ्यांदा अंगणातल्या गोठलेल्या पिंपावर लावून पाहिलं तर बर्फाचा पांढरा शुभ्र कीस मळसूत्रावरून वर चढत आला.

“दाबायचं नाही,” साहेब ओरडले. “त्याला त्याचा खाऊ दे!”

वीस वर्षं मी लोखंडाशी खेळलो असेन, पण शेजारी बसून कुणी असं कौतुकानं काम पाहिलेलं मला आठवत नाही.

पहारीचंही तसंच. गिरमिट आरपार गेलं की खालच्या कडेला बर्फाची धारदार किनार राहते, ती दोरा कापते. ती फोडायला आणि वाटेत बर्फ किती जाड आहे हे ठोकून बघायला पहार लागते. मी एका पहारीचं टोक चपटं करून एकाच बाजूनं छिन्नीसारखी धार दिली. साहेबांनी वरच्या टोकाला दोरीचा फास बांधायला लावला. हा फास मनगटात अडकवल्याशिवाय पहारीला हात लावायचा नाही, म्हणाले, नाहीतर ती हातातून सटकते आणि थेट तळाला जाते.

राहिला भोकातला चुरा. गिरमिटानं सोललेला बर्फ पाण्यावर तरंगतो, लगदा होतो आणि बघता बघता गोठून भोक बुजवतो. तो काढायला काय? मी छिद्रं पाडलेलं घमेलं दाखवलं, चाळणी दाखवली. साहेब मान हलवत राहिले. शेवटी मी मेसमधून पुऱ्या तळायचा मोठा झारा आणला. त्याच्यामागं धोंडूमामा आचारीही आला.

“अरे, उद्या पुऱ्या कशानं काढू मी? हातानं?” तो म्हणत होता.

“मामा, उद्या पुऱ्या नाही, मासा तळायचा,” साहेब म्हणाले आणि त्यांनी झारा उजेडात धरून पाहिला. “छिद्र मोठा आहे. छान. पाणी गळून जाईल, बर्फ राहील. फक्त दांडा लांब पाहिजे. वाकून वाकून माझी कंबर तुटते.”

मी झाऱ्याच्या दांड्याला सळई जोडत होतो तेव्हा दाजी आले. डोक्यावर हेल्मेट, गमबूट चिखलानं भरलेले. त्यांनी वालियासाहेबांना नमस्कार केला.

“साहेब, आत्ताच चला म्हणतो मी. बोगद्यात दिवस काय आन रात काय. गाडीनं पार फेसपर्यंत नेतो. चालायला लागायचं न्हाई.”

साहेब उठायलाच निघाले होते. तेवढ्यात सूर्यवंशीसाहेब दारात आले. “निवृत्ती, साहेबांना जरा दम तरी खाऊ दे. काम बंदच आहे ना? उद्या दुपारी येताहेत ते.”

“उद्या नक्की,” वालियासाहेब दाजींना म्हणाले. “मी आलो कशाला आहे?”

दाजींनी मान डोलावली. जाता जाता ते माझ्यापाशी थांबले, नव्या पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “झ्याक झालंय.” ते सहसा कुणाचं कौतुक करत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. जीप जाईल तिथवर जीप, पुढं थोडी चढण. तळं डोंगराच्या ओंजळीत होतं. वर पांढरा रंग, मधे कुठंकुठं निळा. वालियासाहेब पुढं, हातात पहार, पाऊलागणिक बर्फावर एक ठोका. ठण असा भरीव आवाज आला की पुढचं पाऊल. आम्ही सगळे त्यांच्या पावलावर पाऊल टाकत मागून. सूर्यवंशीसाहेब, मी, धोंडूमामा आणि स्टोव्ह उचलून आणणारे दोन गडी.

पहिलं भोक मी पाडलं. गिरमिट असं फिरलं की मला माझाच हेवा वाटला. कीस वर येत राहिला, ढीग झाला, आणि एकदम हाताखालचं ओझं नाहीसं झालं. पातं पाण्यात गेलं होतं. काळं पाणी वर आलं. साहेबांनी झारा घालून चुरा उपसला. प्रत्येक वेळी झारा बर्फावर आपटून झटकायचा, नाहीतर छिद्रं गोठून बंद होतात. मग खालची कड पहारीनं फोडून गोल केली आणि गळ सोडला.

दुसरं भोक पाडताना सूर्यवंशीसाहेबांनी हौसेनं पहार मागितली. “फास, फास!” वालियासाहेब ओरडले, पण तोवर एक घाव बसला होता आणि पहार पाण्यात गेली होती. क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग सूर्यवंशीसाहेब स्वतःच हसले आणि आम्ही सगळे हसलो. मी दुसरी पहार आणायला जीपकडं गेलो. वालियासाहेबांची बॅग मागच्या सीटवर होती. बांधलेली, वर ताडपत्री घातलेली. मला वाटलं, कपडे बदलायला लागतील म्हणून आणली असेल.

मासे लागले. चांगले हातभर लांब, अंगावर लाल ठिपके असलेले. पहिला मासा वर आला तेव्हा वालियासाहेबांनी मला मिठी मारली. “हे तुझा आहे,” ते म्हणाले, “तुझ्या पात्याचा.” धोंडूमामानं तिथंच स्टोव्ह पेटवून तेल तापवलं. ऊन होतं, वारा नव्हता. कॅम्पमधल्या एवढ्या दिवसांत असा मोकळा श्वास मी घेतला नव्हता.

उन्हं डोक्यावर आल्यावर वालियासाहेबांनी घड्याळ पाहिलं. “सूर्यवंशी, निघू या आता. तो फोरमन वाट बघत असेल.”

“जेवण तर होऊ द्या, साहेब. आणि सकाळीच निरोप आलाय, पाणी नितळ झालंय. काळजी नाही.”

मला ते ऐकून बरं वाटलं. दाजींची काळजी मिटली, एवढंच माझ्या मनात आलं. वालियासाहेबांनी मान वर केली. “नितळ? अपने आप?” पुढं ते आणखी काही विचारणार असं वाटलं. तेवढ्यात त्यांचा दोरा हलला, ते भोकावर वाकले, आणि वर आला तो त्या दिवसातला सगळ्यात मोठा मासा.

जेवणं झाली. नंतर पुन्हा एक भोक पाडलं. मग पश्चिमेकडच्या शिखरामागून ढग वर आला आणि ड्रायव्हर चढण चढून धापा टाकत आला. वरच्या खिंडीत बर्फ सुरू होतोय, आत्ता निघालो तर पलीकडं उतरू, नाहीतर रस्ता कधी उघडेल सांगता येत नाही.

“पण फेस?” वालियासाहेब म्हणाले.

“फोटो पाठवतो ना, साहेब. हवे तेवढे. अडकलात तर महिनाभर आमच्या मेसची डाळ खावी लागेल. आणि तुमचं पुढच्या आठवड्याचं विमान?”

वालियासाहेब खाली दरीत दिसणाऱ्या कॅम्पकडं बघत थोडा वेळ उभे राहिले. हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “पात्याला तेल लावून ठेव, प्रल्हाद. गंज चढेल.” आणि जीपकडं उतरू लागले. ती जीप कॅम्पवर आलीच नाही. परस्पर खिंडीच्या रस्त्याला लागली.

आम्ही चालत खाली आलो तेव्हा अंधारून आलं होतं. बोगद्याच्या तोंडाशी बाकावर दाजी बसले होते. शेजारी नवं कोरं पांढरं हेल्मेट आणि धुतलेले गमबूट. पाहुण्यासाठी काढून ठेवलेले.

“साहेब मागनं येतायत?” त्यांनी विचारलं.

“गेले, दाजी. खिंडीत बर्फ सुरू झाला म्हणून परस्पर गेले.”

“कुठं गेलं?”

“परत. खाली.”

मी म्हणालो, “पाणी नितळ झालंय म्हणं. सकाळीच निरोप आला वर.”

“कुणी दिला निरोप?”

“सूर्यवंशीसाहेब म्हणाले.”

“आरं, दुपारी म्या सोता आत जाऊन आलोय. पाण्याबरुबर बारीक खडी यायला लागलीय.” ते उठले. पांढरं हेल्मेट उचललं, आत नेऊन खुंटीला अडकवलं. मी त्यांच्यासाठी कागदात गुंडाळून आणलेला मासा माझ्या हातात तसाच राहिला. त्या वेळी मला जीपमधली ती बांधलेली बॅग आठवली. खिंडीतल्या बर्फाचा अंदाज आदल्या दिवशीच बिनतारीवरून आला होता, हे वायरलेसवाल्याकडून मला नंतर कळलं.

सकाळी सूर्यवंशीसाहेबांनी सगळ्या फोरमनना ऑफिसात बोलावलं. ड्रिलचे दांडे बदलायचे होते म्हणून मलाही. ते खुशीत होते.

“वालियासाहेबांनी बघून दिलंय. आजपासून काम सुरू.”

“कवा बघितलं?” दाजींनी विचारलं.

“म्हणजे?”

“म्हंजी कवा आत गेलं ते? म्या दिवसभर तोंडाशी बसलो व्हतो. माझ्या म्होरनं मांजार बी आत गेलं न्हाई.”

सूर्यवंशीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. चांगल्या मनाचा माणूस समजावतो तसं ते बोलले.

“निवृत्ती, तज्ज्ञ माणसाला प्रत्येक वेळी आत जावं लागत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांचं समाधान झालं. आता त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?”

“तसं न्हाई, साहेब. त्यास्नी कळतं म्हणूनच तर बलिवलं व्हतं. बघाय पायजे व्हतं त्यांनी.”

“प्रल्हाद तर होता दिवसभर आमच्याबरोबर,” साहेब माझ्याकडं वळून म्हणाले. “विचार त्याला. साहेब खूश होते की नाही?”

“खूश होते,” मी म्हणालो. “पण बोगद्यात नाही आले. आणि फेसचं काही बोलणंही झालं नाही. तुम्ही फक्त पाणी नितळ झालंय म्हणालात.”

सूर्यवंशीसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं ते मला अजून आठवतं. राग नव्हता त्यात. टेबलावर माशी बसली की माणूस तिच्याकडं बघतो तसं पाहिलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “ज्याला जायचं नाही त्यानं जाऊ नये. जबरदस्ती नाही. निवृत्तीची शिफ्ट बिरेंद्र घेईल.”

बिरेंद्र कोपऱ्यात उभा होता. महिन्याभरापूर्वी आलेला, उत्साही, सगळ्याला हो म्हणणारा. त्यानं लगेच मान हलवली.

बाहेर आल्यावर मी दाजींचा दंड धरला. “आपण जाऊ गावाकडं. आजच. खिंड उघडंपर्यंत खालच्या वाडीत राहू.”

“आन ही?” दाजींनी बोगद्याच्या तोंडाकडं बोट केलं. आमच्या खोऱ्यातली माणसं हेल्मेटं घालून उभी होती, विड्या ओढत, एकमेकांची थट्टा करत. “ह्यांस्नी म्या आणलंय. बिरेंद्रा पार फेसला नेऊन भिडवंल त्यांस्नी. त्येला भ्याच वाटत न्हाई, कारण त्येनं अजून काय बघितलंच न्हाई.”

“मग त्यांनाबी थांबवा.”

“काल थांबिवलं, आज थांबिवलं. उद्याच्याला थांबत्यात का ती? घरी बायकापोरं हायती.” त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. “म्या पुढं जाऊन बघतो. आधार लावून हुतंय का ते. त्यांस्नी मागं ठेवतो.”

“दाजी, नका जाऊ.”

“येतो रं,” ते म्हणाले. बाजारात जाताना म्हणायचे तसंच.

त्यांनी शब्द पाळला. सगळ्यांना पोलादी कमानी उभ्या होत्या तिथवरच थांबवलं आणि फेसकडं एकटे गेले. मी वर्कशॉपमध्ये दांडे घासत होतो. आवाज मोठा नव्हता. गोणी खाली टाकावी तसा एक धप्प, आणि नंतर बोगद्याच्या तोंडातून वारा आला, चिखलाच्या वासाचा. आमची माणसं धावत बाहेर आली. सगळी आली. दाजी सोडून.

त्यांना बाहेर काढायला फार दिवस लागले. त्याबद्दल मी काही सांगणार नाही.

बर्फ वितळल्यावर चौकशी समिती आली. गेस्टहाऊसच्या हॉलमध्ये टेबलं मांडली. मला बोलावलं तेव्हा वालियासाहेब आधीच तिथं बसले होते. त्यांची साक्ष माझ्या आधी झाली. दार उघडं होतं, मी व्हरांड्यातून सगळं ऐकलं. त्याच गोड, ठाम आवाजात, या वेळी इंग्रजीत, त्यांनी सांगितलं की आपण पाहणी केली होती आणि त्या वेळी धोका दिसला नाही. पुढं जे झालं त्याचा अंदाज कुणालाच करता आला नसता. फोरमन परवानगीवाचून आधारापुढं गेला, हे दुर्दैव.

मी आत जाऊन सांगितलं, “साहेब बोगद्यात गेले नव्हते.”

“तुम्ही कशावरून म्हणता?” मधल्या माणसानं विचारलं.

“मी दिवसभर त्यांच्याबरोबर होतो. तळ्यावर.”

“तळ्यावर काय करत होता?”

“बर्फाला भोकं पाडून मासे धरत होतो.”

एक सभासद हसला. हसू आवरण्यासाठी त्यानं तोंडावर रुमाल धरला. मधला माणूस म्हणाला, “आपण इथं बोगद्याविषयी बोलतोय. तुम्ही बोगद्यात काम करता का?”

“नाही. वर्कशॉपमध्ये.”

“मग तुम्हाला बोगद्यात कोण आलं, कोण गेलं, हे कसं माहीत असणार?”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. कुऱ्हाड, गिरमिट, जीपमधली बॅग. मला वाटत होतं की सगळं नीट क्रमानं सांगितलं तर त्यांना पटेल. ते ऐकून घेत होते, पण कुणाचा हात लिहिण्यासाठी हलत नव्हता. वालियासाहेब खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळानं मला जायला सांगितलं.

संध्याकाळी ते व्हरांड्यात मला भेटले. थकलेले दिसत होते, गाल बसलेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“प्रल्हाद, तुझ्या हातात फार कसब आहे. इथं कुजू नको. मला कळव. चांगला जागा बघून देतो तुला.”

“साहेब, तुम्ही आत गेला नव्हता,” मी म्हणालो.

त्यांचा हात खांद्यावरच होता. तो त्यांनी काढला नाही, मलाच मागं सरावं लागलं. ते म्हणाले, “मी गेलो असतो तरी तो खडक पडलाच असता.”

“पडला असता. पण खाली कुणी नसतं.”

समितीनं नैसर्गिक आपत्ती असा निर्णय दिला. सूर्यवंशीसाहेब पुढच्या वर्षी याहून मोठ्या प्रकल्पावर गेले. मला नोकरीवरून कुणी काढलं नाही, मीच सोडली. निघताना धोंडूमामा तेवढा रस्त्यापर्यंत सोडायला आला होता.

अक्काला गावी एवढंच माहीत होतं की बोगद्यात दरड कोसळली. दाजींना घेऊन गेलो तेव्हा सांगायची वेळ नव्हती आणि नंतर धीर झाला नाही. पण दाजींचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली असताना मी तिच्यापुढं बसलो आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. समितीपुढं जसं सांगितलं होतं तसंच, पहिल्यापासून.

ती शेंगा सोलत ऐकत होती. मधे एकदाच विचारलं, “त्ये बाकावर बसून ऱ्हायलं व्हतं? सांजपातूर?”

“हो.”

“जेवलं व्हतं का?”

मला ते माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

दाणे एकीकडं, फोलपटं एकीकडं. मग हात थांबवून तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

“मासं घावलं का रं?”

“घावलं,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. सूप उचललं आणि आत गेली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अक्काकडं मी सणावाराला जातो. ती गरम भाकरी करते, ताट वाढते, काय हवं नको बघते. पण पूर्वीसारखी माझ्यासमोर बसून राहत नाही. वाढून झालं की परड्यात निघून जाते, आणि मी एकटा जेवून उठतो.